लक्ष लागते ते आदल्या रात्रीपासून

कामात लक्ष लागत नाही याचा ठपका बहुतेक वेळा स्वभावावर ठेवला जातो. मुलाचे अभ्यासात मन रमत नाही, म्हणजे तो चंचल. ऑफिसात हिशेबाची तीच ओळ तीनदा वाचावी लागते, म्हणजे निष्काळजीपणा. प्रत्यक्षात लक्ष देणे ही मेंदूची शारीरिक क्रिया आहे आणि तिला इंधन, विश्रांती व ठरलेली वेळ यांची गरज असते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के भरते, पण शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा खर्च होते तिच्यातला साधारण पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. त्याची देखभाल कामाला बसण्याच्या घटकेला करून भागत नाही. ती आदल्या रात्रीपासून सुरू होते.

निर्धार पुरत नाही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या ध्यानात आले. विमानातल्या रडारच्या पडद्यावर पाणबुडीची खूण शोधणारे तरुण, प्रशिक्षित सैनिक पहारा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात खुणा चुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी घड्याळासारखी एक तबकडी तयार केली. तिचा काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दोन घरांची उडी मारी. उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच चुकांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. म्हणजे लक्षाची ओहोटी ही निरोगी मेंदूची नेहमीची रीत आहे. माणसाचे लक्ष आता सोनेरी माशापेक्षाही कमी, जेमतेम आठ सेकंद टिकते, असे वाक्य हल्ली भाषणांतून हमखास ऐकू येते. त्याला मात्र कोणत्याही भरवशाच्या संशोधनाचा आधार नाही.

ही ओहोटी कधी आणि किती येणार, हे सर्वांत जास्त झोपेवर ठरते. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात तेव्हा अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. जितका वेळ जागरण, तितका साठा मोठा आणि तितकी पेंग अधिक. झोपेत हा साठा ओसरतो. याच्या जोडीला शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ असते. झोप लागण्याची आणि जाग येण्याची वेळ ते ठरवते. स्वित्झर्लंडचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन प्रक्रियांची सांगड घालून झोपेचे जे प्रारूप मांडले, तेच आजही या विषयाचा पाया मानले जाते. साठा आणि घड्याळ एकमेकांशी जुळले तर सकाळी डोके हलके असते. रात्री एकला झोपून सकाळी सहाला गजर लावला तर साठा पुरता ओसरलेला नसतो आणि घड्याळही गोंधळलेले असते.

थोड्या थोड्या जागरणाचा परिणाम माणसाला स्वतःला कळत नाही, हा यातला सर्वांत गैरसोयीचा भाग. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग १४ रात्री रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले आणि दिवसा पडद्यावर आकडा दिसताच बटण दाबण्यासारख्या सोप्या चाचण्या घेतल्या. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दोन आठवड्यांच्या शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. आणि तरीही ‘झोप येते आहे का?’ या प्रश्नावर त्यांचे उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसे बदलले नाही. सहा तासांत भागते असे छातीठोकपणे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. बिघाड मोजणारे यंत्रच बिघडलेले असते, त्यामुळे त्यांना तो जाणवत नाही. १९९७ मधील आणखी एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसांच्या हाताची आणि नजरेची सुसूत्रता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी ढासळलेली दिसली. सकाळी साडेपाचला उठून रात्री साडेदहाला गाडी चालवत घरी परतणारा माणूस नेमका याच अवस्थेत असतो.

प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी, यावर वैद्यकीय क्षेत्रात बऱ्यापैकी एकमत आहे. पण तासांच्या हिशेबापेक्षा एक सवय अधिक कामाची ठरते, ती म्हणजे रोज एकाच वेळी उठणे, सुट्टीच्या दिवशीही. रविवारी अकरापर्यंत लोळत पडले की शरीराचे घड्याळ मागे सरकते, रविवारी रात्री झोप लवकर येत नाही आणि सोमवारची सकाळ जांभया देत उगवते. उठण्याची वेळ पक्की झाली की झोपेची वेळ काही दिवसांत आपसूक जागेवर येते. उलट क्रमाने, म्हणजे ‘आज दहाला झोपायचेच’ असे ठरवून, हे सहसा साधत नाही. कारण झोप हुकमाने आणता येत नाही, गजराने उठणे मात्र जमते.

आता चहा. ‘चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो’ हे वाक्य मराठी घरांत कौतुकाने म्हटले जाते. त्याचा पहिला अर्धा भाग शरीराला मान्य नाही. चहा-कॉफीतले कॅफीन मेंदूला नवी शक्ती देत नाही. अडेनोसिन ज्या जागी चिकटून ‘थकलास’ असा निरोप देते, त्या जागा कॅफीन अडवून बसते. निरोप पोहोचत नाही, पण साठा वाढतच राहतो, म्हणून कॅफीनचा अंमल उतरताच थकवा एकदम अंगावर येतो. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. कोणाला तीन पुरतात, कोणाला सात लागतात. गरोदरपणात हा वेळ बराच वाढतो. एका कप उकळलेल्या चहात पत्ती आणि उकळी यांच्यानुसार सुमारे ३० ते ५० मिलीग्रॅम कॅफीन असते, फिल्टर कॉफीत त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला निम्मा अंगात असतो. अशा चहानंतरही झोप लागते, पण ती हलकी आणि तुटक असते, आणि सकाळी डोके जड झाले की पहिला उपाय म्हणून पुन्हा चहाच होतो. मुंबईच्या ऑफिसांतली कटिंगची पद्धत या दृष्टीने शहाणपणाची म्हणायची, कारण अर्ध्या ग्लासात चहाची हौसही भागते आणि दिवसाची बेरीजही आटोक्यात राहते. शेवटचा कप दुपारी तीनच्या आत संपवणे हा बहुतेकांना पेलणारा नियम आहे. दिवसाचा पहिला कप उठल्यावर तास-दीड तासाने घ्यावा, असा सल्ला हल्ली बराच ऐकू येतो. त्याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही.

सकाळी चहाइतकेच काम प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र उमटवत नाहीत, फक्त उजेड किती आहे याची खबर मेंदूतल्या मध्यवर्ती घड्याळाला देतात. सकाळची ही खबर मिळाली की घड्याळ त्या दिवसापुरते मिळवले जाते आणि रात्रीची झोपेची वेळही तिथेच ठरते. पेशींमधले हे घड्याळ रेणूंच्या पातळीवर कसे चालते, ते शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातला दिवा आणि बाहेरचा उजेड यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण तो प्रचंड आहे. दिवा लावलेल्या खोलीत १०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, मोकळ्या आकाशाखाली ढगाळ दिवशीही तो हजारोंच्या घरात जातो आणि लख्ख उन्हात लाखाजवळ पोहोचतो. त्यामुळे कोकणातल्या श्रावणसरींच्या दिवसांतही दहा-पंधरा मिनिटे पडवीत किंवा गच्चीवर उभे राहणे ट्यूबलाइटखाली तासभर बसण्यापेक्षा उपयोगी पडते. सूर्याकडे टक लावून पाहायचे नसते. नुसते बाहेर असणे पुरते.

बाहेर पडलेच तर चालणेही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोजचे पंचवीस-तीस मिनिटांचे भरभर चालणे त्यात बसते. हृदय आणि मधुमेह यांच्या संदर्भात हे सर्वांना ठाऊक असते. लक्षावरचा परिणाम मात्र त्याच दिवशी, व्यायामानंतर लगेच दिसतो, हे कमी जणांना माहीत आहे. इलिनॉय विद्यापीठात २००९ मध्ये शाळकरी मुलांना ट्रेडमिलवर वीस मिनिटे चालवून मग लक्षाची चाचणी घेतली, तेव्हा नुसते बसून चाचणी देण्याच्या तुलनेत त्यांची उत्तरे अधिक अचूक आली. दहावीच्या वर्षी पी.टी.चा तास काढून गणिताला देणाऱ्या शाळांना हा निष्कर्ष कोणीतरी दाखवायला हवा. ज्यांना चालायला रस्ता नाही त्यांच्यासाठी सूर्यनमस्कार आहेतच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रोज घालून आणि संस्थानातल्या शाळांत नेऊन त्यांचा प्रसार केला. सतरंजीएवढ्या जागेत दहा मिनिटांत दम लागतो, हा त्यांचा मोठा फायदा.

झोप, उजेड आणि हालचाल यांनी मेंदू तयार झाला तरी कामाच्या वेळी त्याला ओढून नेणाऱ्या गोष्टी उरतात. त्यांतली सर्वांत उघड गोष्ट म्हणजे मोबाईल. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळत राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ च्या संशोधनात दाखवले. व्हॉट्सॲपवरचा एक निरोप वाचायला दहा सेकंद लागतात, पण मूळ कामात परत रुजायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. नुसता टेबलावर पालथा ठेवलेला, आवाज बंद केलेला फोनही लक्ष खातो, असा निष्कर्ष २०१७ मध्ये गाजला. नंतरच्या चाचण्यांत तो प्रत्येक वेळी तसाच आला नाही, म्हणून त्यावर फार भर देण्यात अर्थ नाही. तरीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला काही खर्च येत नाही. सूचनांचे आवाज बंद करून ठरलेल्या वेळी, समजा तासा-दोन तासांनी, एकदम सगळे निरोप पाहणे बहुतेक नोकऱ्यांत शक्य असते. घरी वृद्ध आईवडील असतील तर त्यांच्या फोनपुरती सूट ठेवण्याची सोय प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे.

दुसरी ओढ बाहेरून येत नाही, ती डोक्यातच असते. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये असे मांडले की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे लोकांना अधिक आठवतात. घर चालवणाऱ्या बाईला हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. कणीक मळताना गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या परवा संपतील, धाकट्याच्या सहलीचे पैसे भरायचेत, नळाचे वॉशर गळतेय, अशी रांग डोक्यात चालूच असते, आणि त्या भरात मीठ दोनदा पडते किंवा पडतच नाही. ही रांग थांबवायला प्रत्येक काम तिथल्या तिथे उरकावे लागत नाही, हे २०११ मध्ये मासिकँपो आणि बाउमायस्टर यांनी प्रयोगाने दाखवले. काम कधी, कुठे आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तर ते न करताही मनात डोकावण्याचे थांबते. ‘गोळ्या आणायच्या’ एवढे लिहून भागत नाही. ‘उद्या संध्याकाळी भाजी आणायला जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या’ असे लिहिले की मेंदू ती जबाबदारी कागदावर सोपवतो. फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद त्यासाठी कुठल्याही ॲपइतकाच चांगला आहे. तो पाहायला फोन उघडावा लागत नाही, म्हणून कदाचित जास्तच.

हीच यादी झोपण्यापूर्वी करण्याचाही लाभ आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांवर झालेल्या छोट्या प्रयोगात अर्ध्या गटाने झोपताना पाच मिनिटे पुढच्या दिवसांच्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी उरकलेल्या कामांची. यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास डोळ्यांवर येणारी झापड जेवणामुळे येते असे समजतात. ते अर्धेच खरे. शरीराच्या घड्याळात त्या वेळी एक उतार असतोच, न जेवणाऱ्यालाही तो जाणवतो. भाताचा डोंगर, पुरणपोळी किंवा श्रीखंड-पुरी यांनी तो तीव्र होतो, तर भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि थोडा वरणभात यांनी सौम्य राहतो, कारण डाळी आणि तंतुमय पदार्थांमुळे रक्तातली साखर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. पाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शरीराच्या वजनाच्या दीड-दोन टक्के पाणी कमी झाले तरी लक्ष ढळू शकते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तेवढे सहज कमी होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहावे.

दुपारच्या उतारावर जुना उपाय वामकुक्षीचा. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांची चेष्टा पुष्कळ झाली, पण नासाच्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांवर केलेला, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांच्या बाजूने उभा राहतो, निदान पहिल्या अर्ध्या तासापुरता. वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटे मोकळी दिली. त्यांत ते सरासरी २६ मिनिटे झोपले, आणि उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात न झोपलेल्यांपेक्षा बरेच अधिक सावध राहिले. डुलकी २० ते ३० मिनिटांच्या पुढे गेली की गाढ झोप लागते. त्यातून उठवले तर माणूस काही काळ सुन्न राहतो, शिवाय रात्रीची झोपही लांबते. गजर लावून आरामखुर्चीत टेकणे म्हणून बरे. ज्यांना रात्री झोप न येण्याचा त्रास आहे त्यांनी दुपारची डुलकी टाळलेली चांगली.

श्वास आणि ध्यान यांच्याबद्दल महाराष्ट्रात फार लवकर शास्त्रीय काम सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आसने व प्राणायाम यांचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. पुढच्या काळातल्या अभ्यासांतून एक आकडा वारंवार पुढे आला, मिनिटाला सहा श्वास. लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की लॅटिनमधला ख्रिस्ती जप असो वा ‘ओम मणी पद्मे हूम’, दोन्ही म्हणताना श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सुमारे सहा होतो, आणि त्या वेगाला हृदयाची गती व रक्तदाब यांचा मेळ सर्वांत चांगला बसतो. एरवी माणूस मिनिटाला १२ ते १८ वेळा श्वास घेतो. करायची रीत साधी आहे. ताठ पण सैल बसून नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. पाच मिनिटे पुरतात. चक्कर आली तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

ध्यानाला बसणारे नवखे बहुधा एकाच समजुतीने कंटाळून सोडतात, की विचार थांबले नाहीत म्हणजे ध्यान जमले नाही. हार्वर्डमधील किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांना दिवसात अवचित वेळी फोनवरून विचारले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते. मन भटकणारच. भटकल्याचे ध्यानात येऊन ते परत श्वासावर आणणे, हाच व्यायाम आहे, आणि दहा मिनिटांत तो चाळीस वेळा करावा लागला तर व्यायाम चाळीस वेळा झाला. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून होणाऱ्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांतही पहिले काही दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्यातच जातात.

एवढ्या सवयी एकदम लावायला घेणे हा त्या सोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधी सवय अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. २१ दिवसांचा जो मंत्र सांगितला जातो, त्याला त्यात आधार मिळत नाही. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. नवी गोष्ट रोजच्या पक्क्या गोष्टीला बांधली की ती लवकर रुळते, उदाहरणार्थ दात घासून झाले की गच्चीवर, रात्रीची भांडी आवरली की यादी.

काही वेळा हे सारे करूनही डोके धूसरच राहते, तेव्हा कारण रक्तात शोधावे लागते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयाचे पहिले लक्षण अनेकदा थकवा आणि विसराळूपणा हेच असते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा भाज्या-डाळींतले लोह नीट शोषू देत नाही, म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर हवे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही सर्रास आढळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधन गटाने ती अनेक वर्षे अभ्यासली आहे. थायरॉइडचे विकार, मधुमेह आणि घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे हीही नेहमीची कारणे. हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच आणि साखर या चाचण्या तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही होतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल आणि लक्षही लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.